रस्त्यावर गुपचूप फोटो काढण्यात गैर काय?

झरोका (धागाकर्ता)
माणसाला कॅमेऱ्याची चाहूल लागली की त्याचा चेहरा बदलतो, मग फोटोत राम उरत नाही. म्हणून मी फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर छोटी २८ मिमी, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स लावतो, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) बारीक, एफ ८, फोकस हाताने अडीच मीटरवर. दीड मीटरपासून जवळपास दहा मीटरपर्यंत सगळं चालेल इतपत शार्प येतं, कॅमेरा डोळ्याला लावायचीही गरज नाही. शटरचा आवाज बंद. आणि लावलाच डोळ्याला, तर क्लिक झाल्यावर लगेच खाली घ्यायचा नाही. माणसाच्या मागचं काहीतरी टिपतोय असं दाखवत थांबायचं. त्याला वाटतं, आपणच मध्ये आलो. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँही आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी टेप लावायचे. यात कुणाचं काय बिघडलं?

आडवाट
काळी टेप समजू शकते, पण मागचं टिपतोय असं दाखवायचं हे नाटक पटत नाही. परस्पर फोटो काढायचा आणि वर त्यालाच ओशाळं करायचं!

जुना रोल
नाटकं जुनीच आहेत हो. अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँडने १९१६ च्या सुमारास कॅमेऱ्याच्या बाजूला खोटी लेन्स बसवली होती, लोकांना वाटावं तो दुसरीकडेच बघतोय. छायाचित्रकार वॉकर इव्हान्स १९३८ ते १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा दडवून बसायचा. लेन्स बटणांच्या मधून डोकावायची, शटर दाबायची वायर (केबल रिलीज) बाहीतून हातात. व्ह्यूफाइंडरमधून बघायची सोयच नाही, सगळा अंदाजपंचे कारभार. पण ते थकलेले, हरवलेले चेहरे विचारून मिळाले असते?

आडवाट
इव्हान्सचं त्या फोटोंचं पुस्तक १९६६ साली आलं. मध्ये पाव शतक गेलं. तुमचा फोटो संध्याकाळच्या आत इन्स्टावर.

झरोका
न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला डिकोर्सिया या छायाचित्रकाराने नकळत काढलेल्या फोटोवरून खटला झाला होता. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने तो फोटो कला ठरवून खटला काढून टाकला.

तिसरी घंटा
न्यूयॉर्कच्या कोर्टाने. फ्रान्समध्ये माणसाचा स्वतःच्या छबीवर हक्क मानतात, तिथे हे चालेलच असं नाही. बाकी लांबचं जवळ आणणाऱ्या २०० मिमी लेन्सने दुरून टिपणाऱ्यांपेक्षा २८ वाले मला बरे वाटतात. त्यांना जवळ जावंच लागतं, म्हणजे हटकलं तर पळवाट नाही. हटकल्यावर काय करता?

झरोका
फोटो दाखवतो. नको म्हणाले तर समोरच डिलीट.

आडवाट
म्हणजे ज्याला कळलं त्यालाच नाही म्हणता येतं. आणि तुमची सगळी खटपट कळू नये म्हणून!

झरोका
मग काय विचारून काढू? तसे फोटो पासपोर्टवर असतात.