सेकंड लाइफमधली कुणबी साडी हरवलीय

फोंड्याहून लिहितेय. सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगातल्या माझ्या इन्व्हेंटरीत, म्हणजे सामानाच्या साठ्यात, ११,००० वस्तू झाल्यात. शिगम्यासाठी मी स्वतः टेक्स्चर (कापडाची नक्षी) करून माझ्या अवतारासाठी तांबड्या चौकटींची कुणबी साडी बनवली होती, खांद्यावर गाठ मारलेली, आजी नेसायची तशीच. ‘आउटफिट्स’मध्ये, म्हणजे जतन केलेल्या पोशाखांत, तिचं नाव दिसतं, पण घालायला गेले की फक्त केस आणि फुलं येतात. गेल्या महिन्यात डेमोची, म्हणजे घालून बघायच्या नमुना कपड्यांची, फोल्डरं साफ केली होती. जीव तळमळतोय.

म्हापसेकर: ताई, आउटफिटमध्ये कपडा नसतो, नुसता दुवा असतो. दुवा पुसला तर कपडा शाबूत राहतो, पण मूळ कपडा पुसला की दुवा पोकळ. ट्रॅश रिकामा करू नका! आधी तिथे शोधा.

डिचोलीची: मी दुकानाच्या नावाने फोल्डर करत नाही, प्रसंगाच्या नावाने करते: चवथ, शिगमो, लग्न, घरातलं. प्रत्येक कपड्याच्या नावात शरीराचं नावही घालते, कारण एका मेश शरीरासाठी (अवताराला चढवायच्या तयार त्रिमितीय शरीरासाठी) शिवलेला कपडा दुसऱ्यावर नीट बसत नाही. आउटफिट गॅलरीत फोटो लावा, नाव आठवावं लागत नाही. आणि अबोलीची वेणी ‘वेअर’ नको, ‘ॲड’ करा. नाहीतर त्याच जागी अडकवलेले केस उतरतात.

फोंड्याहून: मिळाली! ट्रॅशमध्येच होती, डेमोच्या खोक्यांखाली. देव बरे करो, म्हापसेकर. आता आधी ‘शिगमो’ फोल्डर, मग जेवण.