मदत हवी आहे: लाइव्ह शोच्या क्रूमधली तयार माणसं टिकत नाहीत, अटी कशा बदलायच्या?

नमस्कार मंडळी,

आम्ही कॉन्सर्ट आणि टूरसाठी क्रू पुरवतो. साउंड, लाइट, रिगिंग (जड सामान स्टेजवर उंच टांगणं), बॅकलाइन (कलाकारांची वाद्यं आणि त्यांचं सामान), स्टेजहँड (सामान हलवणारे मदतनीस), सगळं. नवीन मुलं-मुली भरपूर येतात, उत्साहाने येतात, पण माणूस तयार झाला, म्हणजे एकटा सिस्टीम ट्यून करायला लागला किंवा चेन मोटर (जड सामान वर ओढणारी साखळीची मोटर) टांगताना त्याच्या मागे कुणी उभं राहायची गरज उरली नाही, की नेमका तेव्हाच सोडून जातो. कुणी कॉर्पोरेट इव्हेंटला, कुणी स्टुडिओत, कुणी थेट दुसऱ्याच क्षेत्रात. त्याच्या जागी परत नवखा, त्याला शिकवायचं ओझं उरलेल्यांवर, आणि मग तेही कंटाळतात.

जाणाऱ्या प्रत्येकाशी मी बसून बोलतो. पैसे कमी म्हणून चाललो असं फार थोडे म्हणतात. आधी येतं ते हे, की आज काम कधी सुटणार ते माहीत नसतं, पुढच्या महिन्यात कोणते दिवस मोकळे ते माहीत नसतं आणि झालेल्या कामाचे पैसे कधी येणार तेही माहीत नसतं. बहिणीच्या लग्नाला येतो म्हणून सांगायची सोय नाही, असं एकजण म्हणाला, आणि त्यावर मला काही बोलता आलं नाही कारण खरंच आहे ते. माझं तर मत झालंय की या धंद्यात माणूस कष्टाला कंटाळत नाही, अनिश्चिततेला कंटाळतो.

आता तास बघा. सकाळी सहा-सातला लोड-इन (सामान आत आणून उभारणी), दुपारी साउंडचेक, रात्री शो, मग लोड-आउट (सगळं उतरवून ट्रकमध्ये भरणं), ट्रकची दारं लागेपर्यंत रात्रीचे दोन, आणि पुढच्या वेन्यूवर परत सकाळी आठला हजर. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो असं संशोधनात दिसलंय, आणि बऱ्याच देशांत एवढ्यावर गाडी चालवायलाही बंदी आहे. आपल्याकडे सतरावा तास येतो तो बरोबर लोड-आउटला, म्हणजे ट्रस (लाइट-स्पीकर टांगायचा धातूचा सांगाडा) खाली येतोय, फोर्कलिफ्ट फिरतेय, रॅम्पवरून जड केसेस उतरतायत आणि वर सगळ्यांना घाई. दिवसातलं सगळ्यात धोक्याचं काम सगळ्यात दमलेल्या माणसांकडून करून घ्यायचं ही पद्धतच चुकीची आहे आणि ती का चालू राहिली तर आधीपासून चालत आली म्हणून, दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

युरोपियन युनियनच्या नियमात २४ तासांत सलग ११ तास विश्रांती आणि आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा आहे. पण ती नोकरीतल्या माणसासाठी, आणि आपल्यातले बहुतेक फ्रीलान्स. म्हणजे ज्याला गरज जास्त तोच नियमाबाहेर.

कानांचंही तेच. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वेन्यूसाठी मानक काढलं त्यातही प्रेक्षकांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत ठेवा म्हटलंय. प्रेक्षक एक संध्याकाळ येतो, आमचा मॉनिटर इंजिनिअर (कलाकारांना स्टेजवर ऐकू येणारा आवाज सांभाळणारा) सीझनभर तिथेच उभा. फोमचे प्लग दिले तर वापरत नाहीत कारण त्याने वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त कापल्या जातात आणि मिक्स कळत नाही. सगळीकडून सारखं कमी करणारे, कानाच्या मापाचे प्लग आता कंपनीच्या खर्चाने करून देतोय, दरवर्षी श्रवण तपासणीही ठरवलीय. हे एक काम मार्गी लागलं.

बाकीचं असं ठरवायचंय. दिवसाचा दर १० तासांचा, त्यापुढे तासावर ओव्हरटाइम. काम सुटल्यापासून पुढच्या कॉलपर्यंत (कामाच्या बोलावण्यापर्यंत) ११ तास, आणि ते मोडले तर विश्रांती मिळेपर्यंत वाढीव दर चालू. शो रद्द झाला तर कॅन्सलेशनचे पैसे, जितक्या उशिरा रद्द तितके जास्त. पेमेंटची तारीख नक्की, आम्हाला वरून पैसे आले असोत वा नसोत. लोड-आउटला शक्य तिथे वेगळा ताजा क्रू.

अडचण ही की खर्च वाढतो आणि प्रमोटर म्हणतो दुसरे लोक याच्याशिवाय करतात की. एका मोठ्या आयोजकाने तर विश्रांतीची अट वाचून पुढची बोलणीच बंद केली. तर ज्यांनी हे प्रत्यक्षात आणलंय त्यांनी प्लीज सांगा, क्लायंटच्या गळी कसं उतरवलं? कोटेशनमध्ये वेगळी ओळ दाखवता का दरातच धरता? आणि सगळं एकदम आणायचं झेपणार नसेल तर आधी काय आणावं?

प्रतिसाद (टूरवाली):
मी टूर मॅनेजर म्हणून सांगते. तुम्ही भांडताय ते उशिरा भांडताय. तासांचा निकाल रूटिंग (टूरचा मार्ग आणि तारखा) ठरतं तेव्हाच लागलेला असतो, दोन वेन्यूंमध्ये रात्रीचा आठ तासांचा प्रवास टाकला की विश्रांती गेली, मग कागदावर काहीही लिहा. त्यामुळे तारखा पक्क्या व्हायच्या आधी एकदा तरी वेळापत्रक मागून घ्या. दुसरं, ११ तासांची अट टेक्निकल रायडरमध्ये (कराराला जोडलेल्या तांत्रिक गरजांच्या यादीत) घाला, कोटेशनच्या तळाशी नको. रायडरमध्ये पॉवर किती हवी, स्टेजची उंची किती हे असतं आणि त्यावर सहसा कुणी घासाघीस करत नाही, ती कामाची गरज समजतात. क्रूची झोप पण कामाची गरजच आहे.

वेगळी ओळ दाखवू नका, कापाकापी सुरू झाली की पहिली तीच जाते. विश्रांती, प्लग, तपासणी सगळं मूळ दरात धरा. ओव्हरटाइम मात्र वेगळाच दिसला पाहिजे. आर्टिस्ट साउंडचेकला दोन तास उशिरा आला तर त्याचं बिल ज्याने उशीर चालवून घेतला त्याच्याकडे जायला हवं. आज तो उशीर क्रू स्वतःच्या झोपेतून भरतो म्हणून कुणाला जाणवतच नाही. बिल यायला लागलं की दोन-तीन शोमध्ये वेळापत्रक आपोआप सुधारतं, हे मी बघितलंय.

आणि ट्रॅव्हल डेला डे ऑफ म्हणणं बंद करा प्लीज, बसमध्ये बसून काढलेला दिवस सुट्टी नसतो.

प्रतिसाद (वरचा माणूस):
रिगर आहे. एक गोष्ट तुमच्या यादीत नाही, काम थांबवायचा अधिकार कुणाला? २०११ मध्ये अमेरिकेत इंडियाना स्टेट फेअरला वादळात स्टेजचं छत कोसळून सात जण गेले, नंतरच्या चौकशीत निघालं त्यात हेही होतं की शो थांबवायचा निर्णय नेमका कुणाचा हे स्पष्ट नव्हतं. क्रू चीफला लेखी अधिकार द्या, वारा असो, लोड असो, किंवा माझी माणसं आता वर चढण्याच्या अवस्थेत नाहीत असं असो, तो थांबा म्हणाला की थांबायचं आणि त्यासाठी त्याचं पुढचं काम जाणार नाही. मी जिथे टिकलो तिथे हे होतं, पैसे दुसरीकडे जास्त मिळत होते तरी.

प्रतिसाद (डिमर):
मी लाइट प्रोग्रामिंग करायचे. मूल झाल्यावर सोडलं. टूर जमणार नव्हती हे खरं, पण ड्रॉइंग, प्री-प्रोग्रामिंग, वेन्यूशी अ‍ॅडव्हान्सची (शोच्या आधीच्या तयारीची) बोलणी, गोडाऊनमधलं प्रेप ही सगळी दिवसाची कामं मी आनंदाने केली असती, मला कुणी विचारलंच नाही. ज्यांचे गुडघे-पाठ गेलेत त्यांनाही हीच कामं जमतील. शिवाय दोन वर्षांच्या आणि आठ वर्षांच्या माणसाला एकच डे-रेट असेल तर थांबायचं कशासाठी? पायऱ्या करा आणि शिकवतो त्याला शिकवण्याचे वेगळे पैसे द्या.

कामावर होणाऱ्या छळाबद्दल, त्रासाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये. आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) कामावरच्या हिंसा आणि छळाविरुद्धचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार बघा, त्यात कामाचा प्रवास आणि मालकाने दिलेली राहायची जागाही कामाचीच जागा धरलीय, शिकाऊ आणि व्हॉलंटियरसुद्धा त्यात येतात. टूर बस, हॉटेल, आफ्टरपार्टी, बायकांना त्रास होतो तो बहुतेक इथेच, आणि तक्रार ज्याच्याकडे करायची तोच पुढचा कॉल देणारा असतो. तक्रारीसाठी बुकिंग न करणारी व्यक्ती नेमा. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी घरच्या कारणाने सोडलं असं सांगून गेल्या.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. डिमर ताई, जाताना लोक मला सांगतात तेवढंच कारण असतं असं मी धरून चाललो होतो, तुमचं वाचून जुन्या सहकारी मुलींशी परत बोलायचं ठरवलंय, पण मी नाही बोलणार, बाहेरची व्यक्ती बोलेल. दिवसाच्या कामांची यादी आजच काढायला घेतली. पेमेंटची तारीख आणि क्रू चीफचा अधिकार हे दोन लगेच लागू करतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. रायडरमध्ये अट घालायचं पुढच्या करारापासून.

एक प्रश्न अजून सुटत नाहीये. आम्ही ११ तास मोकळे दिले आणि त्याच वेळात आमचा फ्रीलान्सर दुसऱ्या कंपनीचं लोड-आउट करून आला तर? त्याला पैशाची गरज आहे, मी अडवू शकत नाही, आणि सकाळी तोच माणूस माझ्या ट्रसवर चढणार आहे. कॉल देताना आधीच्या कामाची वेळ विचारायची पद्धत कुणाकडे आहे का, आणि खरं सांगितलं तर काम जाईल ही भीती त्याच्या मनातून कशी काढली? कराराची भाषा तयार असेल तर प्लीज इथेच टाका, बाकीच्यांनाही लागेल.