विषय: बाबांची पद्मिनी डायनोवर

मंडळी, नमस्कार.

मुक्काम सोलापूर. गड्ड्याची जत्रा बघून झाली, शेंगाचटणीच्या ऑर्डरी लिहून घेतल्यात, आता कुणी वाढवू नका.

बाबांची 1986ची प्रीमियर पद्मिनी दोन वर्षं अक्कलकोट रोडवरच्या एका गॅरेजात उघडी पडली होती. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, सगळं झालं. इथल्या जुन्या गाड्यांच्या चार वेड्यांनी ठरवलं, पुण्याला जाऊन डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवायच्या. एक कॉन्टेसा, दोन मारुती 800 आणि आमची. पहाटे चारला निघालो, भिगवणला चहा. अडीचशे किलोमीटर गाडीने हूं की चूं केलं नाही.

मागची चाकं रोलरवर, गाडी पट्ट्यांनी जखडलेली, रेडिएटरपुढे दांडगा पंखा, सायलेन्सरच्या तोंडात हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर. चौथा गियर टाकायचा, कारण आमच्यात तो डायरेक्ट, म्हणजे इंजिनाचा वेग गियरबॉक्समधून तसाच मागे जातो. मग पॅडल तळाला.

आकडा आला 21. कंपनीच्या कागदावर सुमारे 40 हॉर्सपॉवर! मारुतीवाला म्हणाला, "काय बे, बाकीचे घोडे टेंभुर्णीला उतरले का?"

मिस्त्री बॉनेटमध्ये वाकले. "दाबा." दाबलं. "पूर्ण दाबा की." पूर्णच होतं! तरी कार्बोरेटरचा फ्लॅप पाऊणच उघडत होता. मॅट उचलली तर खाली सोलापुरी चादर, चार पदरी, मोराच्या नक्षीची. पायाला गरम लागतं म्हणून आईने घातलेली. ती काढली, आकडा 27.

पण स्क्रीनवर मिश्रण पातळ दिसत होतं, एका भाग पेट्रोलला हवा 15 भागांच्याही पुढे. मी म्हटलं, कार्बोरेटरमध्ये मोठा जेट टाकू, पेट्रोल जास्त येईल. मिस्त्रींनी प्लग काढून हातावर ठेवले, चहाच्या रंगाचे. "पातळ असतं तर पांढरे पडले असते." जेटला हात लावू दिला नाही. कोण बरोबर? आणि 40चे 27, म्हणजे इंजिनाचं काम फसलं का?

– पद्मिनीवाला

---

दादा,

मी डेट्रॉईटजवळ माझी 1971ची बीटल मोजली तेव्हा मलाही रडूच आलं होतं. जुने आकडे बरेचदा ग्रॉस असतात: इंजिन स्टँडवर, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. 1972पासून अमेरिकेत नेट आकडे, म्हणजे हे सगळं लावून मोजलेले, छापायला लागले, तेव्हा 1600 सीसी बीटलचे 60 होते ते 46 झाले, इंजिन जवळपास तेच. तुमचा कागद कुठल्या पद्धतीचा, ते आधी बघा. शिवाय रोलरवर मोजतात ते चाकाशी. गियरबॉक्स, डिफरन्शियल, टायर आपापला वाटा आधीच खाऊन मोकळे झालेले असतात. 27ला लाजू नका. दुसऱ्या डायनोच्या आकड्याशी तुलनाही नको. त्याच रोलरवर, त्याच दिवशी 21चे 27 झाले, ती खरी कमाई.

मिश्रणाचं विचारते: खालच्या आरपीएमला फार पातळ आणि वर जाता जाता सुधारलं, असं होतं का? तसं असेल तर सायलेन्सरचे जोड तपासा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. जेट तूर्त राहू द्या.

आणि पुढच्या खेपेला टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि साल असतं. उभ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत ठेवून आतून म्हातारे होतात. रोलरवर फुटला तर शोभा नाही.

– बीटलवाली

---

मंडळी, ही ईमेल लिस्ट गाड्यांसाठी नाही, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या जेवणासाठी आहे. भाकरी कोण आणतंय ते अजून ठरलेलं नाही.

ता. क. कॉन्टेसाचा आकडा किती आला?

– खजिनदार

---

खजिनदार काका, कॉन्टेसा तापली, दुसऱ्याच रनला उतरवली. मालकाचं नाव विचारू नका. कडक भाकऱ्या मी आणतो, बॅगेत मोडणार नाहीत.

ताई, तुम्ही म्हणता तसंच! आलेखाची प्रिंट पुन्हा बघितली: 2,000ला 15च्या वर, 4,000च्या पुढे 13. काल गाडी चालू ठेवून मिस्त्रींनी सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबलं, तर मधल्या जोडातून फुस्स. काजळीही होती तिथे, मीच बघितली नव्हती. मिस्त्री काही बोलले नाहीत, नुसता पाना पुढे केला.

चादर आईला परत दिली. तिने धुऊन वाळत घातली आणि विचारलं, "आता पाय भाजले तर?" दोन पदरी चालेल का, मोजून बघतो.

– पद्मिनीवाला