शब्दचर्चा : पानाचा सांगाडा की पानाची जाळी? आणि ‘मिश्रमाध्यम’ कशाला म्हणावे

पानगळ : पिंपळाच्या पानातला गर काढून उरलेल्या शिरा हातकागदावर चिकटवायच्या, वर शाई आणि जलरंग, कडेने सुती दोरा. झाड, माती, पाणी एकमेकांत कसे गुंतले आहे, हा विषय. अशा चित्राखालच्या पट्टीसाठी ‘पर्णसांगाडा’, ‘बहुमाध्यम’ आणि ‘परस्परसंबद्धता’ हे शब्द सुचवले गेले आहेत. तिन्ही खटकतात. दुसरे काय?

बोरू : पहिल्याला शब्द आहेच : जाळी. वहीत जपलेल्या पिंपळपानाला कुणी सांगाडा म्हणत नाही. शिवाय शास्त्रालाही तो धरून आहे. शाळेच्या पुस्तकात पिंपळ, जास्वंद यांचा ‘जाळीदार शिराविन्यास’ आणि गवत, मका, केळ यांचा ‘समांतर’. समांतर शिरांचे पान उकळले की धागे सुटे होतात, जाळी मिळत नाही.

क्रियापदही नीट वापरावे. पान ओलाव्यात आपोआप कुजले तर त्याला जाळी ‘पडते’, जशी अनारशाला पडते. आपण मुद्दाम केली तर जाळी ‘काढतो’.

हातकागद : काढण्याची रीत इथेच लिहून ठेवते, म्हणजे शब्द हवेत राहणार नाहीत. पान पूर्ण वाढलेले, जून पण भोके न पडलेले घ्यावे. कोवळ्या पानाच्या बारीक शिरा गराबरोबरच निघून जातात. 1 लिटर पाण्यात 2 मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून मंद आचेवर तासभर उकळायचे, मग दर 10 मिनिटांनी एक पान काढून बोटाने दाबून बघायचे. हातमोजे हवेतच. भांडे स्टीलचे, अ‍ॅल्युमिनियमला सोडा खातो आणि पाणी काळपट होते. नंतर पान पाण्यात बुडालेल्या फरशीच्या तुकड्यावर पसरून मऊ ब्रशने मधल्या शिरेकडून कडेकडे हलके टिपायचे. घासले की जाळी फाटते. पिंपळाचे लांब टोक आधी तुटते, म्हणून ते बोटाखाली धरावे.

दोरखंड : ‘बहुमाध्यम’ नको. तो शब्द ध्वनी, चलचित्र, मजकूर एकत्र येतात त्यासाठी रुळला आहे. एकाच पृष्ठावर शाई, रंग, दोरा, पान असेल तर ‘मिश्रमाध्यम’. कोलाजशी मात्र त्याची गल्लत होते. कोलाजमध्ये चिकटवणे हीच मुख्य कृती, फ्रेंच ‘कोले’ म्हणजे चिकटवणे. पिकासोच्या 1912 च्या प्रसिद्ध लंबगोल चित्रात वेताच्या जाळीची नक्कल छापलेले मेणकापड चिकटवले आहे, वर तैलरंग आहे आणि चौकटीच्या जागी दोर. ते कोलाजही आहे, मिश्रमाध्यमही. पण शाईवर पेस्टल चढवले तर ते मिश्रमाध्यम होईल, कोलाज नाही.

बोरू : कोलाजला ‘चिक्कणितचित्र’ असा पारिभाषिक शब्द आहे. संस्कृतात चिक्कण म्हणजे तुळतुळीत; चिकणी सुपारी आठवा. चिकटवण्याचा अर्थ त्यातून सहज उमटत नाही. कोलाजच बरा.

हातकागद : माझे मत : ‘मिश्रमाध्यम’ एवढेच लिहून थांबू नये. पुढे साहित्य लिहावे, चिकटवण्याच्या द्रव्यासकट. पुढे कुणाला चित्र दुरुस्त करायचे झाले तर खळ पाण्याने सुटते, वाळलेले फेविकॉल तसे सुटत नाही. हे पट्टीवरून कळायला हवे.

खळ म्हणजे 1 वाटी मैद्याला 5 ते 6 वाट्या पाणी. मैदा आधी गार पाण्यात कालवून, गुठळी न होता मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा, फडक्यातून गाळायचा. दोनतीन दिवसांत आंबते, तेवढीच करावी. कसर लागू नये म्हणून पुस्तकबांधणी करणारे चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. ते विषारी आहे, त्यामुळे ते भांडे स्वयंपाकात परत नेऊ नये.

खळ कागदाला लावावी, जाळीला नाही. जाळीला लावली की भोके बुजतात, चकाकी येते आणि आरपार उजेड दिसायचा तो बंद होतो. कागद ओला होऊन पसरतो, वाळताना आखडतो आणि एका बाजूला बाक येतो. पाठीवरही तेवढाच कागद खळीने लावला की ओढ सारखी होते. मग दोन टिपकागदांत ठेवून वर वजन, निदान एक रात्र.

पानगळ : साहित्य लिहिण्याचे पटले. आता तिसरा शब्द. ‘जाळे’ चालेल का?

दोरखंड : जाळ्यात सापडणे, जाळे टाकणे… त्यात फसवणुकीची छटा येते.

बोरू : नेहमी नाही. ‘अन्नजाळे’ हा शब्द शाळेत सगळे शिकतात आणि त्यात कुणाला फसवणूक दिसत नाही. शिवाय पट्टीवर ‘जाळी’ आणि शीर्षकात ‘जाळे’ आले की पानाच्या शिरांपासून रानापर्यंतचा धागा एका अक्षराच्या फरकात दिसतो. ‘परस्परावलंबन’ अचूक आहे, पण ते टिपणात लिहावे. ‘अनुबंध’ माणसांच्या नात्याकडे झुकतो.

पानगळ : मग असे लिहिते :
*जाळे.* मिश्रमाध्यम : पिंपळपानाची जाळी, शाई, जलरंग, सुती दोरा; हातकागदावर, मैद्याच्या खळीने.

हातकागद : मोरचूद घातले असेल तर तेही लिहा.