'ऱ्यू' म्हणजे शाळा की घराणं?

निशिगंध :
जपानमधल्या एका जुन्या शस्त्रविद्येवर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. तिचं पूर्ण नाव तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-ऱ्यू. लेख जवळपास झाला, पण दोन ठिकाणी अडले आहे.

पहिली अडचण 'ऱ्यू'ची. इंग्रजीत सगळे स्कूल म्हणतात म्हणून मी 'शाळा' लिहिलं, तर वाचताना दप्तर, घंटा आणि इयत्ताच डोळ्यांपुढे यायला लागल्या. 'आखाडा' म्हणावं तर लाल माती आणि कुस्ती आठवते. 'संप्रदाय' म्हणावं तर टाळ ऐकू येतात.

दुसरी अडचण एका वचनाची. संस्थापक इइझासा चोइसाई इएनाओ यांच्या नावे ते सांगतात : 'हेइहो वा हेइहो नारी.' यातल्या 'नारी'चा अर्थ 'आहे'. म्हणजे 'हेइहो हे हेइहो आहे'. हे मराठीत कसं आणायचं?

कोयनाकाठ :
आधी लेखनाबद्दल. तुम्ही 'ऱ्यू' लिहिलंत ते फार बरं केलंत. पुष्कळ ठिकाणी 'रियू' दिसतं, पण जपानीत तो एकच अक्षरोच्चार आहे, 'रि' आणि 'यू' असे दोन तुकडे नाहीत. आपण 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हा भेद ज्या चिन्हाने दाखवतो तेच इथे अचूक बसतं. मराठीला ही सोय आहे, ती वापरायलाच हवी.

आता अर्थ. 'ऱ्यू'साठी जे चित्राक्षर लिहितात त्याचा मूळ अर्थ वाहणं, प्रवाह. 'नागारेरु', म्हणजे वाहणे, या साध्या क्रियापदातही तेच अक्षर येतं. तेव्हा 'शाळा' नक्कीच नको, शाळा ही जागा झाली. ऱ्यू म्हणजे एका माणसापासून दुसऱ्याकडे वाहत आलेली विद्या. माझं मत 'घराणं' या शब्दाला.

निशिगंध :
घराण्याचा विचार मीही केला होता. पण त्यात 'घर' आहे, प्रवाह कुठे आहे? शिवाय प्रमुखाला तिथे 'सोके' म्हणतात, आणि त्यातलं 'के' म्हणजेच घर. मग घराणं हा शब्द सोकेच्या कुटुंबासाठी राखून ठेवायला नको का? इइझासा कुटुंबात आज विसावी पिढी त्या पदावर आहे.

कोयनाकाठ :
आक्षेप योग्य आहे. तरीही मी घराण्यावर ठाम आहे, कारण मराठीत हा शब्द रक्ताच्या नात्यातून केव्हाच बाहेर पडला. किराणा घराण्याचा गायक म्हटलं की त्याचे आजोबा कोण हे कुणी विचारत नाही, त्याची तालीम कुणाकडे झाली हे विचारतो. कातोरीतही तेच घडलं. सोके इइझासा कुटुंबातले, पण विसाव्या शतकात प्रत्यक्ष शिकवण्याचा भार पुष्कळ वर्षं ओताके रिसुके यांनी वाहिला, आणि ते त्या कुटुंबातले नव्हते. कुटुंबासाठी 'वंश' लिहा, विद्येसाठी 'घराणं'.

प्रवेशाची रीत पाहा. नवा शिष्य 'केप्पान' करतो, म्हणजे बोटाच्या रक्ताचा ठसा उमटवून शपथ घेतो : इथली विद्या बाहेर, अगदी घरच्यांनाही, सांगणार नाही; जुगार आणि वाईट जागा टाळीन; परवाना मिळेपर्यंत इतर घराण्यांच्या लोकांशी सामने करणार नाही. आपल्याकडच्या गंडाबंधनाच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे. शाळेच्या प्रवेश अर्जाच्या जवळ जाणारी नाही!

अक्षरवेल :
उशिरा येते आहे, पण दुसरा प्रश्न मला फार आवडला म्हणून लिहिते.

त्या वचनातले दोन 'हेइहो' ऐकायला सारखे, लिहायला वेगळे. पहिल्यात सैनिक किंवा शस्त्र या अर्थाचं अक्षर आहे, तर दुसऱ्यात सपाट, समतल, शांत या अर्थाचं. 'युद्धविद्या ही शांतिविद्या आहे' असं भाषांतर चुकत नाही, पण एकाच ध्वनीतून दोन अर्थ निघतात ती गंमत त्यात हरवते.

यातल्या दुसऱ्या अक्षराचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत संस्कृत 'समता'साठी जो शब्द ठरला (जपानी उच्चार 'ब्योदो') त्यात हेच अक्षर आहे. 'दोजो', म्हणजे सरावाची जागा, हा शब्दही अशाच वाटेने आला, तो मुळात 'बोधिमंड'चं भाषांतर. म्हणजे बुद्धाला जिथे बोध झाला ती जागा. म्हणून दोजो तसाच ठेवा, त्याची तालीम करू नका.

तर 'सम' हाताशी धरून मी असं सुचवते : समरविद्या हीच समविद्या. 'समर'मध्ये 'सम' ऐकू येतो, आणि सपाट, शांत हा अर्थही राहतो.

या वचनाशेजारी कुमाझासाची कथा जरूर द्या. कुमाझासा म्हणजे गुडघ्याएवढा वाढणारा, पातळ काड्यांचा बुटका बांबू. कुणी आव्हान द्यायला आलं की चोइसाई त्या बांबूवर चटई टाकून बसत आणि समोरच्यालाही बसायला बोलावत. यांच्या वजनाने काडी वाकत नसे, आणि ते पाहून पाहुणा तलवार न काढता परत जाई, अशी आख्यायिका आहे. 'सम' म्हणजे काय हे त्यात न सांगता कळतं.

निशिगंध :
'समरविद्या हीच समविद्या' वाचून अंगावर काटा आला. दोघांचेही मनापासून आभार. सुरुवात आता अशी केली आहे :

'तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-ऱ्यू हे जपानमधल्या सर्वांत जुन्या शस्त्रघराण्यांपैकी एक. परंपरेनुसार पंधराव्या शतकात, १४४७च्या सुमारास, इइझासा चोइसाई यांनी आजच्या चिबा प्रांतातल्या कातोरी देवस्थानाजवळ एक हजार दिवस साधना केली आणि तिथल्या फुत्सुनुशी या देवतेकडून त्यांना ही विद्या मिळाली. तलवार, काठी, भाला आणि नागिनाता (लांब दांड्याला वक्र पातं बसवलेलं शस्त्र) यांच्याबरोबर किल्ले बांधण्याचं शास्त्रही या घराण्यात शिकवलं जाई. १९६०मध्ये चिबा प्रांताने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.'

'ऱ्यू' फक्त नावात ठेवला आहे, पुढे सगळीकडे 'घराणं'. एकच विचारते : 'शस्त्रघराणं' जोडून लिहू की तोडून?

कोयनाकाठ :
जोडून. समास आहे.