सल्ला हवा: जुन्या गोव्यातलं सेंट फ्रान्सिस चर्च नीट कसं पाहावं?

भटकंती_पुणे
नमस्कार मंडळी. डिसेंबरात जुन्या गोव्याला जाणं होतंय. बॉम जेझुस आणि से कॅथेड्रल ही तिथली दोन मोठी चर्चं पाहून झालेली आहेत. या वेळी फक्त सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च आणि त्याला लागून असलेला मठ, म्हणजे आताचं संग्रहालय, एवढंच निवांत पाहायचं आहे. हातात एक दिवस आहे. प्रश्न असे: कुठल्या वेळी जावं, आत काय चुकवू नये, सोबत काय न्यावं? जमिनीवर थडग्यांचे कोरीव दगड आहेत, ते वाचायची काही रीत आहे का?

मांडवीकाठ
आधी तारखा. २४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर हे दिवस टाळा. सेंट झेवियरच्या नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) आणि फेस्तामुळे सगळा परिसर भरलेला असतो. शुक्रवारही टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं. रेल्वेने येणार असाल तर करमळीला उतरा, तिथून जुने गोवे दोनेक किलोमीटर. मडगावला उतरून उलटं यायची गरज नाही.

चर्चचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो आणि दारावरचं कोरीवकाम सपाट दिसतं. म्हणून सकाळी संग्रहालय, दुपारी आतला भाग आणि साडेतीन-चारनंतर दर्शनी बाजू असा क्रम ठेवा. शेजारच्या से कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला आहे, ते सकाळी उजळतं. एकाच खेपेत दोन्हींचे फोटो चांगले येतील ही अपेक्षा नको.

चिरेबंदी
वेळेचं वर आलंच आहे, मी वास्तूकडे वळतो. हे चर्च पाहताना एक गोष्ट धरून ठेवा: दार एका काळातलं आहे आणि बाकी इमारत दुसऱ्या काळातली.

फ्रान्सिस्कन, म्हणजे सेंट फ्रान्सिसच्या पंथाचे, साधू १५१७ मध्ये इथे स्थिरावले. आधी छोटं प्रार्थनाघर आणि मग १५२१ मध्ये पवित्र आत्म्याला वाहिलेलं चर्च झालं. पुढे ते पाडून १६६१ मध्ये आजचं चर्च बांधलं, पण जुन्या चर्चचं मुख्य दार मात्र ठेवून नव्या भिंतीत बसवलं. म्हणून पांढऱ्या, साध्या, इटलीतल्या तस्कन पद्धतीच्या दर्शनी भागात मधोमध हे काळसर दार वेगळं उठून दिसतं. ही मान्युएल शैली, पोर्तुगालचा राजा पहिला मान्युएल (कारकीर्द १४९५ ते १५२१) याच्या काळातली. गोव्यात या शैलीचं इतकं चांगलं काम क्वचितच उरलंय, तेव्हा दारापाशी निदान वीस मिनिटं द्या. तीन पाकळ्यांची कमान, गोल अर्धस्तंभ, त्यांवर फुलांची पट्टी, वर क्रूस आणि राजमुकुट. दोन्ही बाजूंना दर्यावर्दींची गोलयंत्रं कोरली आहेत, तीच मान्युएलची स्वतःची खूण. मग चार-पाच पावलं मागे या आणि वर पाहा: दोन्ही कडांना अष्टकोनी मनोरे आणि कोनाड्यात देवदूत मिखाएलची मूर्ती.

आत शिरल्यावर लगेच वेदीकडे जाऊ नका. दाराजवळ थांबून छत पाहा. फासळ्यांची घुमटी कमान आहे आणि असं छत भिंतींना बाहेरच्या बाजूला रेटत असतं. हा रेटा पेलायला बरेचदा बाहेरून आधारभिंती बांधतात. इथे त्या आतच घेतल्या आहेत. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन छोटी प्रार्थनागृहं दिसतील, त्यांच्या मधल्या जाड भिंती म्हणजेच या आधारभिंती. त्यांवरची फुलापानांची रंगीत नक्षी बहुतेक लोक न पाहताच पुढे जातात. एका वेलीवर नजर ठेवून ती खालून वरपर्यंत कशी चढते ते पाहा.

वसईचा_किल्ला
चिरेबंदी यांनी सांगितलंय ते वसईकरांनी आधी घरच्या घरी पाहून जावं असं सुचवेन. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांचंच सेंट अँथनीचं चर्च आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज गेले आणि ते ओस पडलं. छप्पर नसल्यामुळे भिंती, कमानी आणि बाजूच्या प्रार्थनागृहांची मांडणी सांगाड्यासकट समजते. थडग्यांचे दगडही जमिनीत आहेत. ते पाहून गोव्याला गेलात की गिलावा आणि सोन्याखाली काय दडलंय ते आपसूक दिसू लागतं.

भटकंती_पुणे
फार उपयोगी माहिती, आभार. दोन शंका. बॉम जेझुस बाहेरून लाल-तपकिरी आणि हे चर्च पांढरं, असं का? दगड वेगळा आहे का? आणि वेदीचं सोनेरी काम फोटोत मधेच लाल दिसतं, तो रंग नंतर कुणी लावलाय का?

चिरेबंदी
भिंतींचा दगड एकच, आपला जांभा चिरा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, सहज तासता येतो आणि हवेवर कडक होतो. पण भोकं भरपूर, पाणी शोषतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात अशी भिंत उघडी ठेवायची नसते. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा. पावसाचा मार गिलावा खातो, आत शिरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते आणि काही वर्षांनी गिलावा दुरुस्त केला की भिंत शाबूत राहते.

बॉम जेझुसवरही गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार कास्त्रो यांनी तो काढायला लावला. आज पर्यटकांना आवडणारा तो लाल चिरा म्हणजे उघडी पडलेली भिंत आहे आणि तिची झीज हा गंभीर प्रश्न आहे. मी तरी त्या रूपाचं कौतुक करणार नाही.

यात आणखी एक चूक सर्रास होते. जुन्या चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा मारला जातो. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. आतले क्षार गिलाव्यामागे साचून स्फटिक होतात आणि चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच गिलावा सुटतो. कोकणात जुनं चिरेबंदी घर असणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं: चुन्याच्या भिंतीला चुनाच.

वर्ख_आणि_सरस
लाल रंगाचं मी सांगते. तो वरून लावलेला नाही, सोन्याखालचा आहे.

सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकूडकामाची पद्धत अशी: कोरलेल्या लाकडाला आधी जनावराच्या कातड्याचा पातळ सरस. मग सरसात कालवलेली खडू किंवा जिप्समची भुकटी, पातळ थरांत, प्रत्येक थर वाळवून आणि घासून. त्यावर तांबड्या बारीक मातीचा हात. ही माती ओली करून सोन्याचा वर्ख ठेवतात आणि सुकत आला की अकीकाने (गुळगुळीत, कठीण दगडाने) घोटतात. खालच्या लाल मातीमुळे सोन्याला ऊब येते. कडा आणि उंचवट्यांवर वर्ख झिजला की तीच माती डोकावते. पांढरं दिसलं तर मातीही गेली आणि खडूचा थर उघडा पडला असं समजा. पांढऱ्याखाली लाकूड दिसत असेल तर ते नुकसान मोठं.

बिघडतं ते दमटपणामुळे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. खडूचा थर ठिसूळ, त्याला ताणता येत नाही. तो तडकतो, उचलला जातो आणि वर्ख घेऊन पडतो. वाळवी आतून पोखरते ती वेगळीच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओल्या फडक्याने केलेली सफाई. सरस पाण्यात विरघळतो, एका फडक्यात वर्खासकट माती निघून येते. देवघरातल्या किंवा देवळातल्या जुन्या मुलाम्याच्या मखरालाही पाणी लावू नका. मऊ, कोरडा ब्रश, तोही थर उचललेला नसेल तरच.

वेदीपाशी हे पाहा: वरच्या बाजूला सेंट फ्रान्सिस आणि क्रूसावरचा येशू, दोन्ही मूर्ती मोठ्या आणि तोलामोलाच्या. पायथ्याशी फ्रान्सिसची तीन व्रतं कोरलेली आहेत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. खाली पवित्र साक्रामेंत (प्रार्थनेतली पवित्र भाकर) ठेवायची पेटी, ती मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार शुभवर्तमानकारांच्या मूर्तींनी पेललेली आहे. वेदीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर फ्रान्सिसच्या आयुष्यातले प्रसंग लाकडी फळ्यांवर रंगवलेले आहेत. लहान दुर्बीण असेल तर इथे उपयोगी पडेल. फ्लॅश मारू नका. रंगांचा प्रश्न आहेच, शिवाय फोटोत नुसती चकाकी येते.

मांडवीकाठ
थडग्यांच्या दगडांविषयी. वरून टॉर्च मारला तर काही दिसणार नाही. मोबाईलचा टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून, बाजूने, तिरका धरा. अक्षरांच्या खाचांत सावली भरते. एका दगडाचे चारही बाजूंनी उजेड देऊन चार फोटो घ्या, घरी शांतपणे वाचा. खडू, पीठ, पावडर, पाणी यातलं काहीही दगडावर लावू नका. पायदळी झिजलेलं अक्षर त्याने आणखी झिजतं.

मजकूर ठरावीक साच्यातला असतो. सुरुवातीला ‘सेपुल्तुरा’ म्हणजे थडगं, बरेचदा फक्त पहिलं आणि शेवटचं अक्षर कोरून. मग नाव, आणि बऱ्याच ठिकाणी ‘आणि त्याच्या वारसांचं’ असा उल्लेख, म्हणजे जागा कुटुंबाच्या मालकीची. शेवटी मृत्यूचं साल. मध्ये शिरस्त्राण आणि ढाल असलेलं घराण्याचं चिन्ह. आधी साल शोधा, ते सापडलं की बाकीचं सोपं जातं.

चिरेबंदी
संग्रहालयात काय, तेही सांगून टाकतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९६४ मध्ये ते मठाच्या इमारतीत सुरू केलं. गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकेर्क याचा कांस्य पुतळा सगळे पाहतात. वीरगळ आणि सतीशिळांपाशी जास्त थांबा, त्या पोर्तुगीजांच्या आधीच्या गोव्याच्या आहेत. वरच्या मजल्यावर गव्हर्नर आणि व्हाइसरॉयांची चित्रं आहेत. ही मालिका १५४७ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रोने सुरू करवली. चित्रं पुन्हा पुन्हा रंगवली गेली आहेत, त्यामुळे चेहऱ्यांवर फार विसंबू नका, कपडे आणि शस्त्रं पाहा.

भटकंती_पुणे
दिवसातून तास-दीड तास उरला तर सेंट मोनिका हा जोगिणींचा मठ पाहू की सेंट ऑगस्टिनच्या चर्चचे अवशेष?

वसईचा_किल्ला
दोन्ही एकाच टेकडीवर, मॉन्ते सांतोवर, समोरासमोर आहेत. तुमचा विषय मठाचं चर्च असेल तर ऑगस्टिन. १८३५ मध्ये मठ बंद झाले, ते ओस पडलं, १८४२ मध्ये छत कोसळलं आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग. उरलेला मनोरा सुमारे ४६ मीटर उंच आहे. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. अर्धा तास हाताशी ठेवून मोनिकातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात जा. वर्ख_आणि_सरस यांनी सांगितलेलं मुलाम्याचं लाकूडकाम तिथे अगदी जवळून पाहता येतं.