मदत हवी आहे: संत्र्याचा गिमलेट दुसऱ्या दिवशी कडवट होतोय

गिमलेट म्हणजे जिन आणि गोड केलेला लिंबाचा रस, एवढंच. मला त्यात नागपुरी संत्र्याचा वास आणायचाय. शनिवारी भावाकडे आठजण जमणार आहोत.

चार संत्र्यांची साल किसून 150 ग्रॅम साखरेत चोळली, रात्रभर झाकून ठेवली. सकाळी साखर ओलसर, केशरी आणि तेलाने चिकट झालेली. झाकण काढताच स्वयंपाकघर घमघमलं! त्यात संत्र्यांचा रस घालून जरा गरम केला, गाळला. 60 मिली जिन, 20 मिली हे सरबत, 15 मिली कागदी लिंबाचा रस, बर्फ घालून खूप हलवलं. त्या दिवशी अप्रतिम लागलं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याच सरबताची चव घशाशी कडवट. सालीचा पांढरा भाग अजिबात येऊ दिला नव्हता. संत्र्याच्या रसातलं लिमोनिन काही तासांनी कडू लागतं, तापवल्यावर जास्तच, म्हणून माझा संशय रसावर आहे.

रस वगळून सालीची साखर नुसत्या पाण्यात विरघळवली आणि आंबटपणाला लिंबूसत्त्व घातलं तर टिकेल का? किती घालू? आणि ईडलिंबाची साल कुणी वापरून पाहिली आहे का?